दिवसभर बातम्या, रात्री गेम आणि एकच टीव्ही

प्रश्न: नाशिकला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. घरात आई-बाबा, मी आणि बायको. गेल्या वर्षी प्लेस्टेशन ५ घेतला, पण तो अजून जुन्या ४३ इंची टीव्हीलाच जोडलाय. रात्री दहानंतर मी गेम खेळतो. शनिवार-रविवारी आम्ही दोघं सिनेमे बघतो, बहुतेक मल्याळम नाहीतर कोरियन, सबटायटल लावून. एरवी दिवसभर टीव्ही बाबांकडे: बातम्या आणि क्रिकेट. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, सोफा टीव्हीपासून साडेसात फुटांवर. बजेट ऐंशी-नव्वद हजार, ताणून लाख. दुकानदार म्हणतो, क्यूएलईडी घ्या, ओएलईडीच आहे ते, फक्त स्वस्त. ऑफिसातला मित्र म्हणतो, ओएलईडी सोडून काहीही घेतलंस तर पैसे पाण्यात. कोणाचं ऐकू?
– गोंधळलेला, नाशिक
ता. क. : टीव्ही युनिट नुकतंच करून घेतलंय. टीव्हीचा कप्पा बरोब्बर चार फूट रुंद आहे. ५५ इंची बसेल ना?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. दुकानदार चुकीचं सांगतोय. मित्र तसं चुकीचं सांगत नाहीये, पण त्याच्या हॉलमध्ये तुमचे बाबा बसत नाहीत.

आधी दुकानदाराचं बघू. इंग्रजी ‘ओ’ला शेपूट जोडलं की ‘क्यू’ होतो, आणि त्या शेपटावर बाजारात बराच धंदा चालतो. ओएलईडीमध्ये पडद्यावरचा एकेक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळं दाखवायचं असेल तिथे तो चक्क बंद होतो. क्यूएलईडी मात्र मुळात आपला नेहमीचा एलसीडीच. मागे दिवे, पुढे त्यांचा प्रकाश अडवणारा-सोडणारा पडदा, आणि रंग खुलावेत म्हणून मध्ये क्वांटम डॉटचा एक थर. रंग खरंच छान येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागचा दिवा चालूच असल्यामुळे काळोखातला प्रसंग काळा न दिसता धुरकट दिसतो. दोन्ही पांढरं म्हणून ताकाला दूध म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

मग ओएलईडीच का नाही? नुसत्या सिनेमासाठी विचारलं असतंत तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. ५५ इंची पडद्याची उंची असते साधारण साडेअडुसष्ट सेंटिमीटर. सिनेमास्कोप आकाराचं चित्र त्यातले ५१ सेंटिमीटरच व्यापतं, बाकी वर-खाली काळ्या पट्ट्या. दिवे घालवून ओएलईडीवर असा सिनेमा लावला की त्या पट्ट्या खोलीच्या अंधारात विरून जातात. स्वस्तातल्या एलसीडीवर त्याच पट्ट्या ट्यूबलाइट गेल्यावरही मंद चमकत राहतात, आणि एकदा लक्ष गेलं की सिनेमाभर जातच राहतं.

पण तुमचा टीव्ही दिवसाचे सगळ्यात जास्त तास सिनेमा दाखवणार नाहीये. तो मराठी बातम्यांचं चॅनेल दाखवणार आहे. आठवून बघा तो पडदा: खाली लाल पट्टी, तिच्याखाली धावती पट्टी, कोपऱ्यात लोगो, आणि सकाळपासून शिळी झालेली ‘ब्रेकिंग’ची पाटी. सगळं आपापल्या जागी ठाण मांडून. ओएलईडीचा पिक्सेल जितका वापरला जातो तितका झिजतो, म्हणजे फिका पडत जातो. लाल पट्टीखालचे पिक्सेल रोज तेच काम करतात, शेजारचे करत नाहीत, आणि काही महिन्यांनी, वर्षभराने झीज वेगवेगळी दिसायला लागते. मग तुम्ही रात्री गेम लावलात की आकाशाच्या खालच्या कडेला त्या पट्टीची पुसट सावली. यालाच बर्न-इन म्हणतात. बाबांचे रोजचे सहा तास धरले तरी वर्षाचे जवळपास बावीसशे तास होतात. क्रिकेटचा धावफलक आणि तुमच्या गेममधला कोपऱ्यातला नकाशा त्याच माळेतले.

कंपन्यांनी यावर उपाय केलेत, नाही असं नाही. चित्र नकळत थोडं सरकवतात, लोगोची जागा मंद करतात. शिवाय चार-पाच तास वापर झाला की रिमोटने बंद केल्यावर टीव्ही स्टँडबायमध्ये स्वतःची काही मिनिटं डागडुजी करून घेतो. आता खरं सांगा, तुमच्याकडे झोपण्याआधी टीव्ही कसा बंद होतो? आमच्याकडे आई भिंतीवरचं बटण खट्‌कन खाली करते, ‘उगीच मीटर कशाला फिरवायचा’ म्हणून. एकदा वीज तोडली की त्या बिचाऱ्या टीव्हीची डागडुजी कधी व्हायची? बर्न-इन बहुतेक वेळा वॉरंटीतही बसत नाही. खरेदीआधी वॉरंटीच्या कागदावर ते वाक्य शोधून वाचा.

आणि तुमची ती पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर तिथून ऊन आत येत असणार, नेमकं सामन्याच्या वेळी. पडदा पूर्ण उजळ असताना, म्हणजे हिरवंगार मैदान किंवा पांढराशुभ्र स्टुडिओ दिसत असताना, ओएलईडीची चमक कमी पडते. उजेडाशी टक्कर द्यायला मागे दमदार दिवे असलेला टीव्ही बरा.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर मिनी एलईडी. हाही एलसीडीच, क्वांटम डॉटचा थर बहुतेकदा यातही असतो. फरक मागच्या दिव्यांचा. अगदी बारीक दिवे पडद्याच्या मागे सगळीकडे पसरलेले, आणि त्यांचे शेकडो गट केलेले. चित्रात जिथे अंधार तिथला गट मंदावतो, जिथे ऊन तिथला उजळतो. या गटांना झोन म्हणतात. दुकानात ‘मिनी एलईडी आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, ५५ इंचात झोन किती ते विचारा. दोनशेच्या खाली आकडा आला तर मी त्या टीव्हीकडे पाठ फिरवीन. दुसरा आकडा निट्‌सचा, म्हणजे पडद्याच्या चमकेचा. स्वस्तातले फोर-के टीव्ही अडीचशे-तीनशे निट्‌सवर अडकतात आणि खोक्यावर मात्र एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र, असं छापलेलं असतं. एचडीआरचा सिग्नल त्यांना कळतो खरा, पण दाखवायची ताकद नसते. सात-आठशे निट्‌सच्या पुढे गेल्यावर एचडीआर म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं.

मिनी एलईडीचा दोषही सांगते, कारण तो तुमच्याच सवयीला नडणार आहे. झोन कितीही असले तरी पिक्सेलइतके बारीक नसतात. काळ्या पडद्यावर पांढरं सबटायटल आलं की त्या जागेचे झोन उजळतात आणि अक्षरांभोवती धुक्यासारखी प्रभा दिसते. ओळ गेली की प्रभाही जाते, पुढची ओळ आली की परत हजर. मल्याळम थरारपटात रात्रीचे प्रसंग भरपूर, म्हणजे हे तुम्हाला दिसणारच. ओटीटीच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा आकार लहान करा, आणि टीव्हीच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एखादा मंद दिवा लावा. मागची भिंत थोडी उजळ असली की डोळ्यांना ती प्रभा फारशी जाणवत नाही. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही.

पॅनेल ‘व्हीए’ प्रकारचं घ्या, ‘आयपीएस’ नको. व्हीएमध्ये काळं जास्त काळं असतं, मात्र कडेला बसून पाहिलं तर रंग थोडे धुतल्यासारखे दिसतात. बाबांची खुर्ची कडेला असेल तर बातम्यांतला आरडाओरडा कडेनेही तेवढाच दिसतो, काळजी नको.

आता गेम. इथे खोक्यावरचे आकडे सगळ्यात जास्त फसवतात. तुम्हाला हवा १२० हर्ट्‌झचा पॅनेल, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा नवं चित्र दाखवू शकतो असा. तो ‘नेटिव्ह’ १२० किंवा १४४ हवा. ‘मोशन रेट २४०’ वगैरे शब्द दिसले की समजा, आत बहुधा ६० किंवा १२० आहे आणि बाकी शोभा आहे. अलीकडे ‘डीएलजी १२०’ हा नवा पाहुणा आलाय. त्यात पॅनेल ६० चाच असतो, १२० गाठण्यासाठी पडद्याच्या दोन-दोन ओळी एकत्र चालवतात, आणि चित्राचा उभा तपशील निम्मा होतो. पैसे फोर-केचे आणि चित्र अर्धं. हे नको.

तुम्ही म्हणाल, प्लेस्टेशनवर १२० ने चालणारे गेम आहेत किती? मोजकेच, बरोबर आहे. बहुतेक सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवरच, म्हणजे चित्रांवरच, चालतात. तरी १२० घ्या म्हणते. काही गेममध्ये ४० फ्रेमचा पर्याय असतो, आणि तो १२० च्या पडद्यावरच मिळतो, कारण ४० तिनदा घेतले की १२० होतात, ६० ला ४० ने भाग जात नाही. ३० पेक्षा तो हाताला कितीतरी मोकळा लागतो. दुसरं कारण सिनेमाचं, ते पुढे सांगते.

कन्सोलवरून फोर-के आणि १२० हर्ट्‌झ हे दोन्ही एकदम यायचं तर टीव्हीला एचडीएमआय २.१ लागतं. जुन्या २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, ते फोर-के ६० लाच पुरतात. २.१ ची मर्यादा ४८ आहे. प्लेस्टेशन ५ ला २०२२ मध्ये अपडेटमधून व्हीआरआर मिळालं, तेही २.१ वरच चालतं. गर्दीच्या लढाईत कन्सोलला प्रत्येक फ्रेम वेळेवर काढणं जमत नाही. व्हीआरआर असलेला टीव्ही त्याच्यासाठी थांबतो, त्याच्या चालीने चालतो. नसेल तर चित्र मधूनच कापल्यासारखं दिसतं किंवा अडखळतं.

आणि पोर्ट मोजा. माझंच सांगते. टीव्हीला चार एचडीएमआय होते, मी निश्चिंत. घरी आणल्यावर कळलं की १२० देणारे त्यातले दोनच, आणि साउंडबारला आवाज पाठवणारा ईआर्क पोर्टही त्या दोघांपैकीच एक. एकात कन्सोल, एकात साउंडबार, संपलं. भावाने त्याचा एक्सबॉक्स आणला तेव्हा आम्ही टीव्हीच्या मागे टॉर्च धरून वायरी बदलत बसलो होतो. तुमच्याकडे एकच कन्सोल आहे, दोन पोर्ट पुरतील, पण कुठले ते आधी बघून ठेवा. केबल मात्र विकत घेऊ नका. प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेली केबलच २.१ साठीची आहे. दुकानदार अडीच हजारांची सोनेरी टोकाची काढून दाखवेल, गोड बोलून परत ठेवायला लावा.

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला इनपुट लॅग म्हणतात. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात बराच वेळ खातो. सिनेमाच्या मोडमध्ये हा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो, गेम मोडमध्ये चांगले टीव्ही दहा-पंधरावर येतात. शंभर मिलिसेकंद म्हणजे किती? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनेच खाल्ला तर क्रिकेटच्या गेममध्ये यष्टी उडाल्यावर तुमची बॅट फिरणार, आणि तुम्ही कंट्रोलरला शिव्या देणार. एएलएलएम असलेला टीव्ही कन्सोल चालू होताच स्वतः गेम मोडवर जातो. तुमचा जुना टीव्हीही आज रात्री गेम मोडवर टाकून बघा. फुकटचं काम आहे.

सिनेमाबद्दल राहिलेलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० च्या पडद्यावर २४ नीट वाटले जात नाहीत, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी लंगडी चाल होते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्राला हिसके बसतात. १२० च्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम पाचदा, हिशेब चोख. आणि तो जो ‘मोशन स्मूदिंग’ प्रकार असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो, तो सिनेमासाठी बंद करा. त्याने लाखो रुपयांचं छायाचित्रण दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, आणि पुढच्याच वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला, जो असले सगळे उद्योग एका झटक्यात बंद करतो. तो असलेला टीव्ही घ्या. बाबांच्या क्रिकेटला थोडं स्मूदिंग चाललं तर चालू दे. बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारावरून फार डोकं शिणवू नका. प्लेस्टेशन ५ ते देतच नाही, एक्सबॉक्स देतो. टीव्हीतल्या ओटीटी ॲपवर मात्र उपयोग होतो, म्हणून असलं तर चांगलं. सॅमसंगच्या टीव्हीत ते नसतं, त्याच जातीचं एचडीआर१०+ असतं. आवाजाचं म्हणाल तर हल्लीच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. साउंडबार लागेल, पण तो दिवाळीला घ्या, आत्ता सगळे पैसे पॅनेलवर.

दुकानात जाल तेव्हा रिमोट मागून घ्या. शोरूमचा टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असतो, निळसर, डोळ्यात जाणारा, कारण ट्यूबलाइटखाली दहा टीव्हींच्या रांगेत तोच उठून दिसतो. त्याला फिल्ममेकर मोडवर टाका. पांढरं पिवळट वाटेल. सिनेमाचे रंग तशाच पांढऱ्यावर ठरवलेले असतात, दोन दिवसांत डोळा बसतो. पेनड्राइव्हवर तुमच्या ओळखीचा एखादा अंधारातला प्रसंग घेऊन जा, दुकानाच्या डेमोवर जाऊ नका. त्यात कापलेली फळं आणि रंगीत पोपटच असतात. आणि मॉडेलचं नाव एक असलं तरी आकाराप्रमाणे आतला माल बदलतो. ५५ मध्ये १२० हर्ट्‌झ असलेलं मॉडेल ४३ किंवा ५० मध्ये अनेकदा ६० चं निघतं. तुमच्याच आकाराचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर पडताळा.

बजेट तुमचं पुरेसं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे करापूर्वी लाखाचा टीव्ही १ लाख २८ हजारांचा पडायचा तो १ लाख १८ हजारांना पडतो. जुन्या किमतीवर ‘खास सूट’ दाखवणाऱ्याला हे ऐकवा. स्टॅबिलायझर गळ्यात मारू बघतील, नको म्हणा. बहुतेक नवे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, चांगला स्पाइक गार्ड पुरे. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.

आता तुमचा ता. क., ज्याने मला खरी धडकी भरली. ५५ इंची पडद्याची नुसती रुंदी १२१.८ सेंटिमीटर. चार फूट म्हणजे १२१.९ सेंटिमीटर. पडदा एका मिलिमीटरने बसतो, पण त्याला चौकटही असते, ती धरून टीव्ही बाहेर उरतो. दोन बाजूंना हवा खेळायला जागा हवी ती वेगळीच. पण म्हणून ५० इंची घेऊ नका, वरचा हर्ट्‌झचा घोळ लक्षात आहे ना? आणि साडेसात फुटांवरून ५५ हाच नेमका आकार आहे.

सुताराला परत बोलवा. कप्प्याच्या आत टीव्ही घालायचाच नाही. कप्पा तोंडाशी जाड प्लायने बंद करून घ्या आणि त्यावर ब्रॅकेट मारून टीव्ही बाहेरच्या बाजूला टांगा, पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर येईल असा, नाहीतर माना वर करून सिनेमे बघावे लागतील. पोर्ट मागे की बाजूला ते टीव्ही घरी आल्यावर बघून मगच सुताराला प्लायमध्ये भोक पाडू द्या, दीड इंचाचं, म्हणजे एचडीएमआयचं टोक आरामात जाईल.